ई-बुक रीडर बदलताना आठ वर्षांची अधोरेखिते आणि टिपा कशा वाचवाव्यात?

पानखूण

नमस्कार.

माझा सहा इंची ई-बुक रीडर आता आठ वर्षांचा झाला. पूर्वी एकदा चार्ज केला की तीन आठवडे चालणारे हे यंत्र गेल्या काही महिन्यांपासून दोन दिवसांतच मान टाकते, आणि केबल एका ठरावीक कोनात धरल्याशिवाय चार्जही होत नाही. त्यामुळे नवा रीडर घ्यायचा हे नक्की झाले आहे. तो त्याच कंपनीचा घ्यावा की दुसऱ्या, यावर मात्र माझे अडून राहिले आहे, आणि त्याचे कारण पडदा, आकार किंवा बॅटरी हे नसून माझ्या टिपा हे आहे.

या आठ वर्षांत मी त्यावर सुमारे तीनशे पुस्तके वाचली. साधारण निम्मी कंपनीच्याच दुकानातून विकत घेतलेली आहेत. उरलेल्यांपैकी काही प्रकाशकांकडून थेट घेतलेली, तर बरीचशी स्वामित्वहक्काची मुदत संपलेली आणि स्वयंसेवकांनी संगणकावर आणलेली आहेत. वाचताना ओळी अधोरेखित करायची आणि जमेल तिथे दोन-चार शब्दांची टीप लिहायची मला सवय आहे. कादंबरीतल्या एखाद्या पात्राने पहिल्या प्रकरणात दिलेले वचन पुढे कुठे मोडले, इतिहासाच्या पुस्तकातली कोणती दोन विधाने परस्परांशी जुळत नाहीत, एखादा शब्द मला पहिल्यांदा कुठे भेटला, असे त्या टिपांचे स्वरूप आहे. वडिलांच्या आजारपणात रात्री जागून वाचलेल्या पुस्तकांतल्या टिपांमध्ये तर पुस्तकाइतकेच ते दिवसही आहेत. त्या गमावण्याची माझी तयारी नाही.

यंत्रातल्या टिपा बाहेर काढता येतात का, आणि येत असतील तर कोणत्या स्वरूपात? दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर त्याच पुस्तकात, त्याच ओळीपाशी त्या पुन्हा दिसू शकतात का? आणि पुढे हाच प्रश्न पुन्हा उभा राहू नये म्हणून आत्तापासून काय करावे? माझे एक तृतीयांश वाचन मराठीत असते आणि जुन्या यंत्रावर काही पुस्तकांतली जोडाक्षरे तुटलेली दिसत, त्याबद्दलही कुणी लिहिले तर बरे होईल. संगणक मला बऱ्यापैकी वापरता येतो. प्रोग्रॅमिंग येत नाही.

बांधणी

पानखूण, सर्वांत आधी तातडीचे सांगतो. यंत्राची मागची बाजू किंचित जरी फुगलेली किंवा पडदा कडेने उचललेला दिसत असेल, तर ते पुन्हा चार्ज करू नका. फुगलेली लिथियम बॅटरी धोकादायक असते आणि ते काम दुरुस्ती जाणणाऱ्याकडेच द्यावे. तसे काही दिसत नसेल तर नव्या यंत्राचा विचार बाजूला ठेवून आजच हे यंत्र संगणकाला जोडा आणि त्यातले सगळे फोल्डर, लपवलेल्या फोल्डरांसह, जसेच्या तसे उतरवून घ्या. काय ठेवायचे आणि काय नाही याची निवड नंतर सावकाश करता येईल. केबलची जागा एकदा पूर्ण निकामी झाली की ही संधी उरणार नाही.

यंत्र कोणत्या कंपनीचे आहे ते आपण लिहिलेले नाही, म्हणून प्रचलित असलेल्या तिन्ही पद्धती सांगतो. अमेझॉनच्या किंडलवर 'डॉक्युमेंट्स' या फोल्डरात 'माय क्लिपिंग्ज' नावाची साधी मजकूर फाइल असते. आपण ओळ अधोरेखित केली की पुस्तकाचे नाव, लेखक, जागेचा क्रमांक, तारीख आणि ती ओळ अशी नोंद त्या फाइलच्या शेवटी जमा होते. टीप नंतर दुरुस्त केली तरी जुनी नोंद पुसली जात नाही, नवी तिच्या खाली येते. त्यामुळे एकच ओळ दोन-तीनदा आढळली तर फाइल बिघडली असे समजू नका. दोन गोष्टींकडे मात्र नीट लक्ष द्यायला हवे. पहिली अशी की अधोरेखित ओळ आणि तिच्यावरची टीप या तिथे दोन स्वतंत्र नोंदी असतात, आणि टिपेच्या नोंदीत मूळ ओळ नसते. जागेचे क्रमांक पाहून या जोड्या आपल्यालाच जुळवाव्या लागतात. दुसरी अधिक त्रासदायक आहे. पुस्तकाचा ठरावीक हिस्साच अशा रीतीने बाहेर जाऊ द्यायचा, अशी मर्यादा प्रकाशक घालू शकतो, आणि ती ओलांडल्यानंतरच्या नोंदींमध्ये ओळीऐवजी मर्यादा संपल्याची सूचना तेवढी येते. पुस्तकात ती ओळ अधोरेखित दिसतच राहते, म्हणून वर्षानुवर्षे हे कळत नाही. अशा ओळी यंत्र चालू आहे तोवर हाताने उतरवून घ्याव्यात, याखेरीज सरळ उपाय मला ठाऊक नाही.

कोबोच्या यंत्रांवर टिपा एका लपवलेल्या फोल्डरातल्या एसक्यूलाइट प्रकारच्या डेटाबेस फाइलमध्ये असतात. ती उघडणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. 'बुकमार्क' नावाच्या तक्त्यात अधोरेखित मजकूर एका रकान्यात आणि आपली टीप त्याच ओळीतल्या दुसऱ्या रकान्यात मिळते, त्यामुळे जोड्या जुळवण्याचे काम इथे वाचते. केओरीडर ही मुक्तस्रोत वाचनप्रणाली आपण वापरत असाल तर ती प्रत्येक पुस्तकाच्या शेजारी एक छोटा फोल्डर तयार करून त्या पुस्तकाच्या टिपा त्यात ठेवते, आणि त्या मजकूर स्वरूपात बाहेर काढण्याची सोयही देते. तिन्हींत मला हीच रचना सर्वांत समंजस वाटते, कारण पुस्तक जिथे जाईल तिथे टिपांचा फोल्डरही सोबत नेता येतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, आपली निराशा होईल हे जाणूनही, सामान्यतः 'नाही' असेच द्यावे लागते. छापील पुस्तकात 'पान 112' म्हटले की पत्ता पुरा होतो. ई-पुस्तकात अक्षरे मोठी केली की पाने वाढतात, समास बदलला की पुन्हा बदलतात, म्हणून पानाचा आधार तिथे नसतो. मग एक प्रणाली फाइलच्या लांबीचे तुकडे पाडून त्यांना क्रमांक देते, तर दुसरी अमुक प्रकरणाच्या फाइलमधला अमुक परिच्छेद आणि त्यातले कितवे अक्षर, असा पत्ता लिहिते. एकीचा पत्ता दुसरीला वाचता येत नाही. ईपब या ई-पुस्तकांच्या खुल्या स्वरूपाच्या मानकांत अशा पत्त्यांसाठी सीएफआय नावाची सामाईक पद्धत आहे खरी, पण तीही दोन्हीकडे तंतोतंत तीच फाइल आहे असे धरून चालते. प्रकाशकाने सुधारित प्रतीत एक परिच्छेद वाढवला तरी पुढचे पत्ते सरकतात.

पत्ता असा सरकत असला तरी वाक्य तेच राहते. म्हणून माझा आग्रह असा की बाहेर काढलेली प्रत्येक टीप ज्या वाक्यावर लिहिली ते संपूर्ण वाक्य, प्रकरणाचे नाव आणि पुस्तकाची आवृत्ती यांच्यासह साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून ठेवावी. जुलै 2009 मध्ये अमेझॉनने, विक्रीचा हक्क नसलेल्या पुरवठादाराने दुकानात आणलेल्या दोन पुस्तकांच्या प्रती ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर काढून टाकल्या होत्या. कंपनीने पैसे परत केले आणि नंतर जाहीर क्षमाही मागितली. तरीही एका शाळकरी विद्यार्थ्याने दावा दाखल केला, आणि त्याचे गाऱ्हाणे अभ्यासासाठी केलेल्या टिपांबद्दल होते: टिपा त्याच्याकडे उरल्या होत्या, पण त्या ज्या ओळींना जोडलेल्या होत्या त्या ओळीच नाहीशा झाल्यामुळे त्यांचा उपयोग संपला होता. आपण लिहिलेल्या 'वचन इथे मोडले' अशा प्रकारच्या टिपेचे वाक्याशिवाय नेमके हेच होईल.

आता पुस्तके. ईपब ही मुळात एक झिप फाइल असते आणि तिच्यात वेबपानांसारखी पाने, मांडणीचे नियम आणि अनुक्रम असे सगळे उघडे ठेवलेले असते. म्हणूनच 2007 पासून ते स्वरूप टिकून राहिले आहे आणि आजही कोणत्याही संगणकावर उघडते. आपली स्वामित्वहक्कमुक्त आणि प्रकाशकांकडून कुलपाविना मिळालेली पुस्तके कॅलिबर या मोफत प्रोग्रॅममध्ये आणा. कोविद गोयल यांनी 2006 मध्ये सोनीच्या रीडरसाठी तो लिहायला घेतला आणि 2008 पासून तो या नावाने ओळखला जातो. एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात रूपांतर, मुखपृष्ठे, लेखकवार फोल्डर ही सगळी कामे तो करतो. डीआरएमचे, म्हणजे नक्कल रोखण्यासाठी विक्रेत्याने घातलेले, कुलूप असलेली पुस्तके मात्र तो रूपांतरित करत नाही, आणि ते कुलूप काढण्यासंबंधीचे कायदे देशोदेशी वेगळे असल्याने त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. ते दुकान चालू आहे तोवर ती पुस्तके त्याच्या ॲपमधून वाचता येत राहतील, एवढे धरून चाला.

पुनर्वाचन

बांधणी यांचा प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यामुळे एक साधा पर्याय झाकला जात आहे असे मला वाटते. पानखूण यांनी त्याच कंपनीचे नवे यंत्र घेऊन आपल्या जुन्या खात्याने प्रवेश केला, तर विकत घेतलेली पुस्तके आणि त्यांतल्या टिपा आपोआप जागच्या जागी उमटतील. मी स्वतः तीनदा यंत्र बदलले आणि तिन्ही वेळा विकतच्या पुस्तकांतली एकही टीप गमावली नाही. ज्यांना वाचायचे आहे त्यांनी फाइली, फोल्डर आणि डेटाबेस यांत महिना घालवावा, हे मला पटत नाही. आठ वर्षांत एका कंपनीने आपल्याला नीट सेवा दिली असेल तर केवळ तत्त्वासाठी ती सोडण्याचे कारण नाही.

दुसरेही एक नम्रपणे सुचवतो. माझ्या अनुभवात जुन्या टिपांपैकी फारच थोड्या पुन्हा पाहिल्या जातात. सगळ्या तीनशे पुस्तकांच्या जोड्या जुळवत बसण्याऐवजी ज्या वीस-पंचवीस पुस्तकांकडे आपण खरोखर परत जाता, त्यांच्यापासून सुरुवात करावी.

बांधणी

पुनर्वाचन, वीस-पंचवीस पुस्तकांपासून सुरुवात करण्याची आपली सूचना उत्तम आहे आणि ती मीच द्यायला हवी होती. त्याच कंपनीकडे राहण्यातही काही गैर नाही. माझा आक्षेप इतकाच, की टिपांची एकमेव प्रत कंपनीच्या खात्यात असू नये. शिवाय खात्यामार्फत टिपा पोहोचतात त्या प्रामुख्याने त्याच दुकानातल्या पुस्तकांच्या. केबलने स्वतः चढवलेल्या पुस्तकांबद्दल तशी खात्री देता येत नाही, आणि पानखूण यांची निम्मी पुस्तके तशी आहेत.

मायक्रोसॉफ्टने एप्रिल 2019 मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि त्याच वर्षी जुलैपासून विकलेली पुस्तके उघडेनाशी झाली. कंपनीने प्रत्येकाला पुस्तकांचे पूर्ण पैसे परत केले, आणि ज्यांनी पुस्तकांत टिपा किंवा खुणा केल्या होत्या त्यांच्या खात्यात वेगळे 25 डॉलर जमा केले. टिपांचे मोल कंपनीने मान्य केले, ही गोष्ट मला आजही महत्त्वाची वाटते. पण टिपा काही परत देता आल्या नाहीत. अलीकडे 26 फेब्रुवारी 2025 पासून अमेझॉनने विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून केबलने यंत्रात घालण्याची सोय बंद केली. नियम असे मधल्या काळात बदलतात, आणि ते बदलतील तेव्हा आपली प्रत आपल्याजवळ असावी.

ओळओळ

जोडाक्षरांबद्दल मी लिहितो, कारण मराठी ई-पुस्तके तयार करण्याचे काम मी काही वर्षे करत आहे आणि या एका कारणाने चांगल्या वाचकांनी ई-पुस्तके कायमची सोडून दिलेली पाहिली आहेत.

देवनागरीत फाइलमध्ये साठवलेला क्रम आणि डोळ्यांना दिसणारा क्रम एकच नसतो. 'किती' या शब्दात 'क' आधी साठवला जातो आणि ऱ्हस्व वेलांटी नंतर, पण ती दिसायला हवी 'क'च्या आधी. 'धर्म'मधला 'र' साठवला जातो 'म'च्या आधी आणि बसतो त्याच्या डोक्यावर. ही फेरमांडणी फॉन्ट एकटा करत नाही. त्यासाठी वाचनप्रणालीत अक्षरे जुळवणारा भाग असावा लागतो, आणि तो नसेल किंवा अपुरा असेल तर कितीही चांगला फॉन्ट घातला तरी हलन्ताची शेपटी लोंबत राहते आणि वेलांटीखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसते. केओरीडर यासाठी हार्फबझ हा मुक्तस्रोत संच वापरते. कंपन्यांच्या मूळ प्रणालींमध्ये हा भाग वेळोवेळी सुधारत गेला आहे, म्हणून जुन्या यंत्रावर तुटलेले पुस्तक नव्यावर नीट दिसू शकते. ऐकीव माहितीवर न जाता स्वतः पाहावे. 'दुसऱ्या', 'तऱ्हा', 'विद्यार्थी', 'शृंगार', 'ज्ञानेश्वर', 'राष्ट्र', 'उद्ध्वस्त', 'कॅलिबर' एवढे शब्द असलेली एक छोटी ईपब फाइल तयार करून ती नव्या यंत्रावर उघडा. दोन मिनिटांत निकाल कळतो. किंडल आणि कोबो या दोन्हींवर 'फॉन्ट्स' नावाच्या फोल्डरात आपल्या पसंतीचा फॉन्ट घालता येतो, तेव्हा नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता यांसारखा मोफत फॉन्ट घालूनही हीच चाचणी करावी.

मराठी वाचकाला खटकणारी आणखी एक बारीक गोष्ट आहे. 'श' आणि 'ल' यांची मराठी वळणे हिंदीपेक्षा वेगळी आहेत. काही फॉन्टांमध्ये दोन्ही वळणे असतात, पण पुस्तकाच्या फाइलमध्ये भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच प्रणालीला योग्य वळण निवडता येते. कितीतरी मराठी ई-पुस्तकांत ही नोंद चुकून इंग्रजी किंवा हिंदी अशी राहिलेली असते. कॅलिबरच्या संपादकात ती बदलता येते, आणि ते केल्यावर पान एकदम ओळखीचे वाटू लागते.

आता आपल्या टिपांशी थेट जोडलेला मुद्दा. युनिकोड या, प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या सामाईक पद्धतीच्या आधीच्या फॉन्टांमध्ये तयार झालेल्या जुन्या मराठी पीडीएफ फाइली वाचताना अगदी व्यवस्थित दिसतात, कारण फॉन्ट फाइलमध्येच बसवलेला असतो. परंतु आत साठवलेली असतात ती रोमन लिपीतली असंबद्ध अक्षरे. अशा फाइलमध्ये आपण अधोरेखित केलेली ओळ बाहेर काढली की हाती निरर्थक अक्षरांची रांग येते. आपल्या मराठी पुस्तकांपैकी किती पीडीएफ आहेत ते आधी पाहा. त्यांच्यापुरते बांधणी यांनी सांगितलेले काम यंत्र समोर उघडे ठेवून, पडद्यावरची ओळ पाहत, हातानेच करावे लागेल. आणि युनिकोडमध्येही 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकित करता येतो, जे दिसायला सारखेच असतात. म्हणून आपल्या टिपांच्या फाइलमध्ये शोध घेताना एखादा शब्द सापडला नाही तर तो तिथे नाहीच असे मानू नका, दुसऱ्या प्रकारे टंकून पाहा.

मंद_उजेड

यंत्राच्या निवडीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण इथे फारसा पेच नाही. विद्युतशाईच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध भाराचे काळे आणि पांढरे कण द्रवात तरंगत असतात, आणि पान उलटताना विद्युतक्षेत्र बदलून हवे ते कण वर आणले जातात. एकदा वर आलेले कण वीज नसतानाही तिथेच थांबतात, म्हणून बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते. 2004 मध्ये सोनीने जपानमध्ये या पडद्याचा पहिला रीडर विक्रीस आणला तेव्हापासून हे तत्त्व बदललेले नाही. रेखीवपणा मात्र वाढला: सुरुवातीच्या किंडलवर इंचाला 167 ठिपके होते, आता 300 सर्रास मिळतात, आणि देवनागरीतल्या दाट जोडाक्षरांना हा फरक रोमन लिपीपेक्षा अधिक उपकारक ठरतो. आपले आठ वर्षांपूर्वीचे यंत्र 167 किंवा 212 ठिपक्यांचे असेल तर नव्यावरचे पहिले मराठी पान पाहून आपल्याला आनंद होईल याची मला खात्री आहे.

रंगीत पडद्याचा मोह टाळावा असे माझे मत आहे. कॅलिडो प्रकारच्या पडद्यात काळ्या-पांढऱ्या थरावर रंगांची जाळी बसवलेली असते; तिच्यामुळे पार्श्वभूमी करडी दिसते आणि रंगीत भागाचा रेखीवपणा इंचाला 150 ठिपक्यांवर येतो. चित्रकथा किंवा नकाशे वाचणाऱ्यांसाठी तो उपयोगी आहे, कादंबऱ्या आणि इतिहास वाचणाऱ्यासाठी साधा पडदाच अधिक सुखाचा. मराठी पीडीएफ बरेच वाचत असाल तर मात्र सहा इंचांऐवजी दहा इंचांच्या आसपासचा पडदा पाहा, कारण पीडीएफचे पान पडद्यानुसार स्वतःला जुळवून घेत नाही.

बॅटरी बदलता येते का, हे विचारून मगच यंत्र घ्या. कोबोने 2024 मध्ये काही यंत्रांसाठी आयफिक्सिट या दुरुस्तीची माहिती देणाऱ्या कंपनीच्या सहकार्याने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती उपलब्ध करून दिली. अशी सोय असती तर आपले आत्ताचे यंत्रही कदाचित वाचले असते. आणि जुने यंत्र कपाटात ठेवताना बॅटरी निम्मी भरलेली ठेवा. पूर्ण रिकामी ठेवली तर ती पुन्हा उठेलच असे नाही.

मुद्रितशोधक

पानखूण, आपल्या टिपांमध्ये छपाईच्या किंवा टंकलेखनाच्या चुकांच्या खुणा आहेत का? असतील तर त्या वेगळ्या काढा, कारण आपण वाचलेली स्वामित्वहक्कमुक्त पुस्तके ज्यांनी तयार केली त्यांना त्यांची गरज आहे.

मायकेल हार्ट यांनी 1971 मध्ये प्रोजेक्ट गुटेनबर्ग या मोफत ई-पुस्तकांच्या संग्रहाची सुरुवात केली तेव्हा मजकूर हाताने टंकला जात असे. 2000 पासून डिस्ट्रिब्यूटेड प्रूफरीडर्स या उपक्रमात पुस्तकाची पाने सुटी करून अनेकांना वाटली जातात. एक स्वयंसेवक एका बाजूला मूळ पानाचे छायाचित्र आणि दुसऱ्या बाजूला यंत्राने ओळखलेला मजकूर ठेवून एकेक पान तपासतो, आणि तेच पान पुढे दुसरा, मग तिसरा तपासतो. विकिस्रोत या स्वयंसेवकांच्या मुक्त ग्रंथसंग्रहावर हीच रीत रंगांनी दाखवली जाते: तपासायचे पान लाल, एकाने तपासलेले पिवळे, दुसऱ्याने पडताळलेले हिरवे. मी मराठी पानांवर काम करते. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म', 'ब' आणि 'व' यांची अदलाबदल आणि गळलेले अनुस्वार या चुका यंत्र सर्वाधिक करते, आणि यांतल्या काही चुकांनी अर्थ बदलूनही वाक्य शुद्धच दिसत राहते, म्हणून शोधकाच्या नजरेतून त्या निसटतात. निवांतपणे वाचणाऱ्याला मात्र त्या अडतात. तीनशे पुस्तके सावकाश वाचलेल्या वाचकाने अडखळून केलेली खूण आमच्यासाठी फार मोलाची असते.

अशा चुका कळवताना पुस्तकाचे नाव, प्रकरण आणि आजूबाजूचे पूर्ण वाक्य द्यावे. बांधणी यांनी जी पद्धत टिपांसाठी सांगितली ती इथेही जशीच्या तशी चालते. आणि विकिस्रोतावरील पुस्तक हवे तेव्हा ईपब म्हणून पुन्हा उतरवता येते, तेव्हा दुरुस्त झालेली प्रत आपल्यालाच परत मिळेल.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. दोन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण आधी काम करून पाहायचे होते.

यंत्र फुगलेले नव्हते. त्याच संध्याकाळी सगळे फोल्डर संगणकावर उतरवले. टिपांची फाइल मिळाली आणि तिच्यात चार हजारांहून अधिक नोंदी निघाल्या. बांधणी, आपण सांगितले तसेच अकरा पुस्तकांत मर्यादा संपल्याच्या सूचना होत्या, आणि त्यांतली दोन नेमकी वडिलांच्या आजारपणातली होती. त्या दोन पुस्तकांतल्या अधोरेखित ओळी मी यंत्र चार्जरला लावून, एकेक पान उघडून, हाताने लिहून काढल्या. त्याला तीन रात्री लागल्या. पुनर्वाचन यांच्या सूचनेप्रमाणे पुढे बावीस पुस्तकांची यादी केली असून त्यांपैकी सातांच्या जोड्या जुळवून झाल्या आहेत. प्रत्येक टिपेपाशी पूर्ण वाक्य, प्रकरण आणि आवृत्ती लिहिते आहे.

मराठी पुस्तकांपैकी चौदा पीडीएफ निघाली आणि त्यांतल्या नऊंमधून खरोखरच रोमन अक्षरांची रांग बाहेर आली. ती पुस्तके संपेपर्यंत जुने यंत्र जपून वापरणार आहे. ओळओळ, आपल्या शब्दांची चाचणी फाइल मी तयार केली आणि दोन यंत्रांवर उघडून पाहिली. एकावर 'तऱ्हा' तुटला, दुसऱ्यावर सगळे शब्द नीट उमटले. दुसरे यंत्र साध्या पडद्याचे, इंचाला 300 ठिपक्यांचे आणि बॅटरी बदलता येण्याजोगे आहे. तेच घेत आहे.

मुद्रितशोधक, चुकांच्या खुणा आत्तापर्यंत एकसष्ट मिळाल्या आहेत. त्यांतल्या अठरा मराठी पुस्तकांतल्या आहेत आणि त्या आज रात्री पाठवते. एका ठिकाणी मूळ पानाचे छायाचित्र पाहूनही अक्षर 'ब' आहे की 'व' हे मला ठरवता आले नाही. ते वाक्य वेगळे काढून प्रश्नचिन्हासह पाठवत आहे, आपण पाहून सांगावे.